हिरव्या काठाचा सदरा

शिंप्याच्या दारावर एका सकाळी छापील कागद चिकटवलेला सापडला. मथळा होता, 'परदेशात उन्हाळ्यात काय घालावं'. खाली नऊ कलमं. रंग फिका असावा, माप सैल असावं, डोक्यावर टोपी हवी, बूट नवे नकोत, पायाच्या सवयीचे हवेत, असं काहीबाही. नववं कलम असं की हे सगळं एकाच संचात तयार मिळतं, आमच्या दुकानात, शिंप्याकडे खेपा घालायची गरज नाही.

शिंप्यानं तो नखांनी खरवडून काढला. नववं कलम वाचून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिली आठ वाचून जास्तच झाला, कारण ती बरोबर होती.

कागद मेहुण्याचा. चौकात त्याचं तयार कपड्यांचं दुकान होतं. शिंपी त्याला 'शेठ' म्हणायचा, पण असा की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी. मेहुणा त्याला 'दाजी' म्हणायचा, तेही त्याच चालीवर. भांडण पुढच्या खोलीचं होतं. घर सासऱ्याचं. वाटणीत मागचं घर लेकीला गेलं आणि रस्त्याकडची पुढची खोली मुलाला. त्या खोलीत एकवीस वर्षं शिंप्याचं मशीन चाललं होतं. आता मेहुण्याला तिथं दुकानाची शाखा काढायची होती. खोली गेली की शिंप्याला मशीन न्हाणीघरात मांडावं लागलं असतं, आणि ओलेत्यानं माप द्यायला कोणतं गिऱ्हाईक येतं?

त्यात तयार कपड्यांच्या कंपनीनं भरपूर माल खपवल्याबद्दल मेहुण्याला परदेशातल्या एका शहराची सहल दिली, तिघांची. मेहुण्याचं लग्न झालेलं नव्हतं. त्यानं ताईला, म्हणजे शिंप्याच्या बायकोला, चल म्हटलं, आणि ताईबरोबर दाजी येणारच, जसा कापडाबरोबर चुरगळा येतो.

"फक्त एक करा दाजी," मेहुणा म्हणाला, "तिथं तुमचं ते तंबू शिवल्यासारखं काही घालू नका. माझा संच देतो. घाम शोषतो. अकरा खिसे आहेत."

"अकरा खिसे असलेल्या माणसाकडे ठेवायला काय असतं, शेठ?"

"दुकानाची किल्ली असते. तुमच्याकडे आहे?"

यावर शिंप्यानं दोन दिवस मशीन रागारागानं चालवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं पैज लावली. त्या शहरात भर उन्हाचा एक पूर्ण दिवस हिंडायचं. आपापला कपडा अंगावर. हॉटेलच्या खोलीत परत येईपर्यंत जो आधी उतरवील तो हरला. शिंपी हरला तर परतल्यावर आठ दिवसांत खोली रिकामी. मेहुणा हरला तर खोली कायमची ताईच्या नावे. न्याय ताईनं करायचा.

"मला का मध्ये घेता?" ताई म्हणाली. "तुम्ही दोघं एकमेकांना चावून मोकळे व्हा ना."

पण दारावरचा तो नऊ कलमांचा कागद तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला.

शिंप्यानं कापड काढलं. साईच्या रंगाचं, जाळीदार विणीचं, एका बाजूला बोटभर हिरवा काठ. औद्योगिक वसाहतीत एक कारखाना परदेशी मागणीचे कपडे शिवायचा. त्याच्या उरलेल्या मालातून शिंप्यानं आख्खा गठ्ठा स्वस्तात उचलला होता. बायकोला मात्र त्यानं सांगितलं, खास तुझ्यासाठी निवडलंय, गावात दुसरं असं कापड सापडणार नाही. हे खोटं नव्हतं. गावात नव्हतंच.

हिरवा काठ त्यानं कॉलरला आणि खिशाच्या तोंडाला आणला. कोणत्याही शहाण्या शिंप्यानं तिथंच आणला असता, आणि घोळ तिथंच झाला. स्वतःला सदरा आणि विजार, बायकोला तसाच लांब अंगरखा. कॉलरच्या आत त्यानं नेहमीसारखी दोरा ओवलेली सुई टोचून ठेवली. ही सवय इतकी जुनी की लग्नाच्या दिवशी बायकोला आधी सुई टोचली होती, मग नवऱ्याची ओळख झाली.

तिथला उन्हाळा काय सांगावा. कारंज्यातलं पाणी वर जायचं, पण खाली परत येत नव्हतं. रस्ते असे मऊ की एका बाईची चप्पल डांबरात राहिली आणि संध्याकाळी तिच्या जागी नुसतं बक्कल उरलं. कबुतरं उडायची नाहीत, माणसांच्या सावलीतून चालायची. जाड माणूस थांबला की त्याच्यामागे सात कबुतरं थांबायची.

मेहुणा हाफ पँट, बिनबाह्यांचा बनियनसारखा शर्ट आणि जाळीची टोपी घालून निघाला. अकरापर्यंत त्याचे गुडघे विटेसारखे झाले, खांदे त्याहून. घाम कपड्यानं शोषला खरा, पण परत कुठं सोडायचा हे त्या कपड्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"गरम होतंय का, शेठ?"

"अजिबात नाही. तुम्हाला?"

"मी तर स्वेटर आणायला हवा होता," शिंपी म्हणाला. त्याच्या सदऱ्यातून वारा असा खेळत होता की मेहुण्याला तो ऐकू येत असावा.

बाराच्या सुमारास तिघं जुन्या राजवाड्यापाशी पोचले. आत आता संग्रहालय होतं. दारावरच्या पाटीवर गुडघ्याचं चित्र, त्यावर लाल फुली. मेहुण्याला अडवलं. शिंप्याला आणि त्याच्या बायकोला मात्र रांगेतून बाजूला घेऊन, तिकीट न विचारता, लहान दारातून आत सोडलं. शिंप्यानं वळून मेहुण्याकडे पाहिलं. असं सुख त्याला एकवीस वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं.

आत गेल्यावर ते सुख ओसरलं. दालनादालनात माणसं उभी होती, आणि प्रत्येकाच्या अंगावर साईच्या रंगाचा सदरा. कॉलरला हिरवा काठ. खिशाच्या तोंडाला हिरवा काठ.

शिंप्यानं मोजली. चाळीस माणसं एकाच कापडात. तयार कपड्यांना तो जन्मभर ज्यासाठी शिव्या देत आला, तेच त्यानं स्वतःच्या हातानं शिवून अंगावर घातलं होतं. कारखान्याची परदेशी मागणी कुठली होती ते आता कळलं, तेही तिथवर येऊन.

किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला एक जाडजूड मुकादम आला, त्याच्या भाषेत खेकसला. शिंप्याच्या बायकोच्या हातात पांढरे हातमोजे कोंबून तिला तळघराकडे पिटाळलं. शिंप्याला दंडाला धरून मुख्य दारापाशी उभं केलं. शिंपी मराठीत म्हणाला, "अहो, मी पाहुणा आहे." मुकादमानं त्याचा सदरा दोन बोटांत धरून हलवला, म्हणजे मग हा काय आहे? शिंप्याला एकच उत्तर सुचत होतं, सदरा काढून त्याच्या हातात देणं. पण सदरा काढला की खोली गेली. तो होता तिथंच उभा राहिला. दाराला सावली होती, पंखा होता.

आणि समोरून मेहुणा आला.

मघाच्या दारवानाच्या जागी दाजी पाहून त्याच्या तोंडाचा आ झाला. शिंप्यानं ओळख दाखवली नाही. त्यानं पाटीकडे बोट केलं, मग मेहुण्याच्या गुडघ्यांकडे.

"दाजी, फाजीलपणा पुरे. सोडा आत. भाजून मेलो मी."

शिंप्यानं शांतपणे पुन्हा गुडघ्यांकडे बोट केलं. मेहुणा टोपी गुडघ्यावर धरून लंगडत आला. एक टोपी, गुडघे दोन. शिंप्यानं दुसऱ्या गुडघ्याकडे बोट केलं. मागची रांग हसायला लागली.

"बघतो तुला," मेहुणा म्हणाला. दाजीवरून एकेरीवर आला, तेव्हा शिंप्यानं खांद्यांकडेही बोट केलं.

उघड्या अंगाच्या पाहुण्यांसाठी बाहेरच्या अंगाला तळघरात एक खिडकी होती. तिथं वरून घालायला लांब विजार आणि उपरणं मिळायचं, आपली वस्तू ठेवली तर बिल्ला मिळायचा. खिडकी इतकी बुटकी की आतल्या माणसाचे फक्त हात दिसत, तेही हातमोज्यातले. मेहुण्यानं विजार घेतली आणि पडद्यामागे गेला. अकरा खिशांचे फुगे विजारीत मावेनात. त्यानं ओढलं, ढकललं, तिथल्या तिथं उड्या मारल्या. शेवटी हाफ पँट काढली आणि खिडकीतून आत दिली.

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न," तो मराठीत स्वतःशी पुटपुटला. "इथं कोण बघतंय."

हातमोज्यांनी पँट घेतली आणि दोरा लावलेला सतरा नंबरचा बिल्ला पुढे सरकवला.

मग मेहुणा लांब विजारीत, उपरणं पांघरून दारावर आला तेव्हा शिंप्याला त्याला सोडावंच लागलं. आत हाफ पँट आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मेहुणा त्याच्या पायावर पाय देऊन आत गेला.

पाच वाजता संग्रहालय बंद झालं. पाहुणे गेले. चाळीस जण एका खोलीत रांगेत उभे राहिले आणि एकेक जण सदरा उतरवून टोपलीत टाकू लागला. सदरे संग्रहालयाचे, धुवायला जायचे. मुकादम शिंप्यापुढे आला, टोपलीकडे बोट केलं. शिंप्यानं मान हलवली. मुकादमानं त्याच्या वरच्या बटणाला हात घातला.

बाहेर उघड्या दारातून मेहुणा बघत होता. त्यानं परत हाफ पँट चढवली होती. "उतरवा दाजी," तो म्हणाला. "मालकाला कपडा परत द्यावा माणसानं."

शिंप्यानं मुकादमाचा हात धरला. टोपलीतला एक सदरा उचलला, उलटा केला आणि त्याच्या नाकासमोर धरला. आत मशीनची घाईची शिवण, कडेला सुटलेले धागे, काखेत उसवलेलं. मग स्वतःची वरची तीन बटणं सोडून आतली शिवण दाखवली. दुमडून घेतलेली, कुठं सूत बाहेर नाही, काज हातानं केलेलं. मुकादमानं अंगठा फिरवला. त्याची स्वतःचीही काख उसवलेली होती, बहुधा वर्षभर. शिंप्यानं कॉलरमधली सुई काढली आणि तो सदरा अंगात असतानाच त्याची काख शिवायला घेतली. मुकादम हात वर करून उभा राहिला, पोलिसानं पकडल्यासारखा. दोरा दातानं तोडल्यावर मुकादमानं काख चाचपून पाहिली, शिंप्याला नखशिखांत पाहिलं आणि दार उघडून दिलं.

बाहेर मेहुणा तयारच होता. "बटणं सोडली. म्हणजे उतरवला. ताई, तू सांग. खोली माझी."

"अंगावरून निघाला का?" शिंपी म्हणाला.

"अर्धा निघाला. मी सकाळपासून एक धागा हलवला नाही."

ताई तळघराच्या जिन्यानं वर आली. दुपारभर पंख्याखाली खुर्चीत बसल्यानं ती एकटीच ताजीतवानी होती. तिनं हातमोजे काढले.

"एक धागा हलवला नाहीस?"

"आईची शप्पथ."

"आईला मध्ये आणू नकोस, ती माझीही आहे." ताईनं पर्समधून किल्ली काढली. चौकातल्या दुकानाची, पितळी, तिला मेहुण्यानं स्वतः लाल दोरी बांधलेली. "ही अकराव्या खिशात होती. वरून चेन, आत बटण. पँट तुझ्या अंगावर असताना मी ती कशी काढली असेन?"

मेहुण्याचा हात खिशाकडे गेला. चेन उघडली, बटण उघडलं. खिशात किल्लीच्या जागी, कोणीतरी मुद्दाम ठेवलेला, सतरा नंबरच्या बिल्ल्याचा दोरा तेवढा निघाला.

"तू होतीस तिथं?"

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न," ताई म्हणाली.

 मेहुण्याच्या सावलीत कबुतरं जमली होती, त्यानं त्यांना लाथ मारली. मग स्वतःच्याच नऊ कलमांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, ताईनं सांगितलं तसं, त्यानं पुढची खोली तिच्या नावे लिहून दिली. सही झाल्यावर ताईनं किल्ली त्याच्या हातात न देता पायरीवर ठेवली.

"यापुढे दाजी म्हणून हाक मारणार नाही तुम्हाला," तो शिंप्याला म्हणाला.

"मघाशी 'तू' म्हणालास तेच बरं होतं," शिंपी म्हणाला. तो हवेतच होता. "बघितलंस ना गं, माझी शिवण कशी..."

"आणि तुम्ही," बायको त्याच्याकडे वळली. "खास माझ्यासाठी निवडलं होतंत ना? चाळीस मिशाळ पुरुष मोजले मी या कापडात. खोली माझ्या नावावर आहे हे लक्षात ठेवा."

ती पुढे निघाली. कोपऱ्यावरच्या पहिल्याच दुकानात शिरली आणि खुंटीवरचा एक तयार झगा अंगात चढवून बाहेर आली. खांद्याला ढगळ, घेर वाकडा. हिरव्या काठाचा अंगरखा तिनं दुकानाच्या दारातच नवऱ्याच्या हातात दिला. उरलेले चार दिवस तिनं तो झगाच घातला.

शिंप्याला त्या घेराचं वाकडं टोक रोज दिसत होतं. सुई कॉलरमध्ये होती. पण त्यानं ती बाहेर काढली नाही, आणि तोंडही उघडलं नाही.