पांढऱ्या पाकिटातले आभार

त्या रविवारी पाळक साहेबांनी भर उपासनेत माझ्या नावाचे आभार वाचले. मी ते मानलेच नव्हते! हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मी एवढी का भडकले ते तुम्हाला कळेल.

आमच्या चर्चच्या दाराशी एक निळी पेटी असते आणि तिच्या शेजारी पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा. काही मागायचं असेल तर चिठ्ठी लिहून निळ्या पेटीत टाकायची. ती कुणी मोठ्यानं वाचत नाही. त्याच संध्याकाळी पाळक साहेब आणि दोन वडीलधारे त्यावर गुपचूप प्रार्थना करतात. मागितलेलं मिळालं, की पांढरं पाकीट. आजारी माणूस उठून बसला, पोरगी पास झाली, घरात बाळ आलं, की पाकिटावर आभार लिहायचे. पाळक साहेब ते वाचतात, सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणते, आणि उपासना सुटली की जो तो हात मिळवायला येतो. काम झाल्याशिवाय पाकीट द्यायचं नाही, हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत आहे.

मी सत्त्वशीला भालेराव. सगळे शीला म्हणतात. वय शेहेचाळीस, शिक्षण नर्सिंगचं. वीस वर्षं वॉर्डात काढली. डॉक्टर माझ्या आवाजाला घाबरायचे, पेशंटचे नातेवाईक तर विचारूच नका. हे सगळं तीन वर्षांपूर्वीचं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सिन्नरला एका लग्नाला गेलो होतो, मी आणि माझे मिस्टर, शांतवन. त्यांचा खांदा दुखत होता म्हणून स्कूटर मी चालवत होते. जाताना गप्पा मारत, मजेत गेलो. परतताना एक कुत्रं आडवं आलं. माझं कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. शांतवन उठलेच नाहीत. घरात हेल्मेट एकच होतं आणि ते माझ्या डोक्यावर होतं.

त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही. मग नोकरी सोडली. मग चर्चमधली गाणाऱ्यांची रांग सोडली आणि मागच्या बाकावर बसायला लागले. सकाळी उठायचं, स्वयंपाक करायचा, खिडकीत बसायचं. मी अडकले होते, दुसरा शब्द नाही त्याला. चर्चमधल्या बायका घरी यायच्या, चहा प्यायच्या आणि म्हणायच्या, “शीलाताई, प्रभूची वेळ येईल हं.” मला असा राग यायचा! प्रभूची वेळ, प्रभूची वेळ! तोवर मी काय करायचं, खिडकीचे गज मोजायचे?

आणि मग खरंच एक काम चालून आलं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची घरी जाऊन सेवा करणारी एक संस्था आहे, गोविंदनगरला. तिथल्या मुख्य बाई माझ्या जुन्या मेट्रन. त्यांनी फोन केला, “शीला, तूच पाहिजेस. पण गल्लीबोळांतून फिरायचंय, स्वतःची गाडी चालवता आली पाहिजे. सोमवारी नऊला ये. नाही आलीस तर माझ्याकडे दुसरं नाव तयार आहे.”

गोविंदनगर म्हणजे काही लांब नाही. आम्ही इंदिरानगरला राहतो, मधे फक्त हायवेखालचा बोगदा. पण मला तो बोगदा समुद्राएवढा वाटत होता. हो म्हणावंसं वाटत होतं, इतकं की रात्री झोप येईना. आणि गाडीची नुसती किल्ली आठवली तरी तळहात ओले व्हायचे.

म्हणून मी त्या रविवारी सकाळी चिठ्ठी लिहिली. दोनच ओळी. ‘सोमवारी मला गाडी चालवता यावी. नाहीतर नाही म्हणायचं बळ मिळावं.’ चिठ्ठी सासूबाईंच्या हातात दिली आणि म्हटलं, “आई, तुमची टाकताना माझीही निळ्या पेटीत टाका.” रिबकाबाई माझ्या सासूबाई, वय बाहत्तर, सिन्नरच्या पलीकडच्या खेड्यातल्या. पन्नाशीत संडे स्कूलच्या पोरांबरोबर बसून अक्षरं शिकल्या. मला त्या कधी एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. शांतवन गेल्यापासून तर त्या विषयावर कुठलाच शब्द नाही. आणि तेच मला खात होतं.

तर पाळक साहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, “आपल्या सत्त्वशीलाबाई उद्यापासून स्वतः गाडी चालवून रुग्णांच्या सेवेला जात आहेत, याबद्दल प्रभूचे आभार.”

“आमेन!” मंडळी दणक्यात म्हणाली.

माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. उपासना सुटल्यावर बायकांनी घेरलं. “जयख्रिस्त शीलाताई! बघा, म्हटलं होतं ना वेळ येईल!” एकीनं तर रडून माझी साडी भिजवली. सासूबाई लांब चपला शोधत होत्या, आणि निकिता, माझी सतरा वर्षांची लेक, तोंडावर हात ठेवून हसत होती. “मम्मी, तू तर फेमस झालीस!”

“थांब, तुला घरी दाखवते,” म्हणाले आणि सरळ पाळक साहेबांच्या खोलीत घुसले.

“साहेब, हे काय वाचलंत? मी आभार मानलेच नाहीत. माझी मागण्याची चिठ्ठी आईंनी चुकून पाकिटात टाकली असणार. आणि माझी दुसरी ओळ कुठं गेली? ती का गाळलीत?”

थोरात पाळक शांत माणूस आहेत. त्यांनी टेबलावर निळी पेटी उघडली, चिठ्ठ्या चाळल्या आणि एक माझ्यापुढे ठेवली. माझीच होती. दोन्ही ओळी जशाच्या तशा.

“चिठ्ठी जागेवरच आहे, शीलाताई. मी वाचलं ते हे.”

पाकिटावर मोठी मोठी, थरथरती अक्षरं होती. ओळ उजवीकडे वर चढत गेलेली. किराण्याच्या यादीत, दुधाच्या कॅलेंडरवर मी रोज बघते ती अक्षरं.

“मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल,” पाळक साहेब म्हणाले. “संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर टाकू का, की वाचण्यात चूक झाली? चूक मी माझ्यावर घेतो.”

सुटकेची वाट अशी समोर उघडी होती. नुसतं ‘टाका’ म्हणायचं होतं. पण ती वर चढत गेलेली ओळ बघून माझ्या तोंडून निघालं, “थांबा. आधी मला घरी जाऊन भांडू द्या.”

घरी सासूबाई मेथी निवडायला बसल्या होत्या, जसं काही झालंच नाही. मी पर्स आपटली.

“आई, देवाच्या घरात खोटं लिहिलंत तुम्ही!”

“खोटं नाय ते,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “अजून व्हायचंय, येवढंच.”

“झाल्याशिवाय पाकीट देतात का कधी?”

“नाय देत. म्या दिलं.” त्यांनी एक काडी बाजूला टाकली. “तीन वर्सं दर रविवारी निळ्या पेटीत तुझ्या नावची चिठ्ठी टाकती म्या. हात दुखला, पन टाकली. मंग या रविवारी मनात आलं, देव काय बहिरा हाय का? पयल्याच चिठ्ठीला आयकलं असंल त्यानं. आता मागनं बास. आभार मानून मोकळं व्हायचं.”

“आणि मी उद्या गेलेच नाही तर?”

“तर फुडल्या रविवारी उभी ऱ्हाईन आन सांगंन, म्हातारी खोटं बोलली.”

त्या ते करतीलही, हे मला पक्कं माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी भावकीतल्या भांडणात आपली चूक होती हे त्यांनी असंच उभं राहून सांगितलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या खाली जे तीन वर्षं दाबून ठेवलं होतं ते वर आलं.

“आई, तुमचा मुलगा माझ्या मागं बसला होता,” मी म्हणाले. “हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं.”

सासूबाईंचे हात थांबले.

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. “माझं लेकरू गेलं. रडती म्या, तू झोपल्यावर. पन तुला बोल लावला नाय कधी. मनातबी नाय.”

“मग सांगायचं होतं ना एकदा! मी तीन वर्षं तुमच्या तोंडाकडं बघत काढली.”

“चुकलं माझं. मला वाटलं, न सांगता कळंल तुला.” मग एकदम नेहमीच्या आवाजात, “आता रडू नको, मटनाचं बघ, खाली लागंल.”

मी रडले. मटणही खाली लागलं. निकितानं ते न कुरकुरता खाल्लं, हा दुसरा चमत्कार.

सोमवारी आठला मी खालच्या मजल्यावर तबस्सुमचं दार वाजवलं. गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून ती आमची स्कूटर बाजाराला नेते. किल्ली देताना तिनं माझा चेहरा बघितला. “पेट्रोल भरलेलं आहे, भाभी,” एवढंच म्हणाली.

हेल्मेट घालून गाडीवर बसले. मी डोळे मिटून प्रार्थना केली. माझी प्रार्थनाही माझ्यासारखीच, जरा तोंडाळ. प्रभो, भीती काही गेलेली नाही, उगाच गेली म्हणणार नाही. ती घेऊनच निघते. माझ्याच्यानं एकटीनं होणार नाही, तेव्हा तू चल.

डोळे उघडले तर समोर सासूबाई. पांढरी इस्त्रीची साडी, हातात पिशवी.

“मलाबी ने,” त्या म्हणाल्या.

“कुठं?”

“तू जाशील तिथं. बोगद्याच्या पल्याड.”

“आई, डोकं फिरलंय का तुमचं? मी तीन वर्षांनी हात लावतेय. एकटी जाईन.”

“हेल्मेट कुठंय माझं?” त्यांनी वर बघून हाक मारली. “निके! हेल्मेट टाक गं!”

निकिता दुसरं, नवंकोरं हेल्मेट घेऊन धावत खाली आली. तिनंच पट्टा आवळला. सासूबाई माझ्या मागे, एका बाजूला पाय सोडून बसल्या, जिथं शांतवन बसायचे तिथंच. त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. हलका, वाळलेला हात. मला वाटलं आता मी उतरते, मेट्रनला फोन करते, दुसरं नाव घ्या म्हणते. पण उतरायचं तर आधी त्यांना उतरवावं लागणार होतं, आणि ते करायची माझी छाती होईना.

निघालो. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. बोगद्यात तोंडाशीच गर्दी. समोरून एक टेम्पो अंगावर आल्यासारखा झाला, मी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. मधोमध. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. मला बटण कुठलं तेही सुचेना.

“गप ऱ्हावा रे!” हेल्मेटातून सासूबाईंचा आवाज घुमला. “लयच घाई आसंल तर वरून जा हायवेनं!”

एक रिक्षावाला हसला. मीही हसले असेन बहुतेक, कारण श्वास सुटला. बटण सापडलं. गाडी सुरू झाली. “चल शीले,” त्या मागून म्हणाल्या, आणि मी निघाले. बोगदा संपला तेव्हा डोळ्यांवर ऊन आलं आणि मी मोठ्यानं काहीतरी बोलले. सासूबाई म्हणतात, ‘आमेन’ म्हणालीस. मला आठवत नाही.

नऊला दहा मिनिटं कमी असताना पोहोचलो. मेट्रननं सासूबाईंकडे बघून विचारलं, “यांना काय होतंय?”

“काही नाही,” मी म्हणाले. “त्या मागं बसायला आल्यात.”

फॉर्मवर लिहिलं होतं, स्वतः वाहन चालवता का. मी ‘हो’वर खूण केली. अक्षर जरा वर चढलं. मग बाहेर येऊन म्हणाले, “आई, रिक्षा थांबवते. तुम्ही घरी जा.”

सासूबाईंनी बाकावर पिशवी ठेवली. तिच्यातून भाकरीचा डबा, पाण्याची बाटली आणि चष्मा काढून नीट मांडला. हेल्मेट मांडीवर घेतलं.

“तू कधी सुटतीस?”

“पाचला. पण आठ तास काय करणार इथं बसून? आलात ना माझ्या मागं बसून, झालं की.”

“जाताना तर शांतूबी बसला व्हता,” त्या म्हणाल्या. “परतीचं ऱ्हायलं व्हतं. ते करायचंय आपल्याला. जा, तुझे पेशंट वाट बघत असतील.”

पाच वाजून पाच मिनिटांनी मी गाडी दारात आणली. सासूबाई पट्टा आवळून तयार उभ्या होत्या.