मोजपट्टी येईपर्यंत

डॅरियाने ब्रश उचलला आणि बर्फावरून सरकत आलेला त्यांच्या संघाचा दगड लाल वर्तुळात थांबला. समोरच्या संघाचा दगड शेजारीच होता. केंद्राच्या जवळ कोणता, हे नुसत्या डोळ्यांना कळेना. शेवटची फेरी, गुण बरोबरीत. ज्यांचा दगड जवळ तो संघ प्रांताच्या स्पर्धेला जाणार. दोन्ही कर्णधारांनी खांदे उडवले आणि कुणीतरी मोजपट्टी आणायला वरच्या मजल्यावर पळालं. ती नेहमीप्रमाणे जागेवर नसणारच होती.

डॅरियाचं लक्ष मात्र तिच्याच संघातल्या वर्नाच्या ब्रशकडे होतं. दोघी दगडापुढचा बर्फ घासत बरोबरीने आल्या होत्या, आणि अगदी शेवटी दगडाला कसला तरी धक्का बसलेला तिने पाहिला होता. वर्नाचा ब्रश तिथेच होता.

कर्लिंगच्या या खेळात कुणी पंच शिट्टी घेऊन उभा नसतो, निदान कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांतातल्या या गावच्या हॉलमध्ये तरी नाही. चालत्या दगडाला ज्याचं काही लागेल त्याने आपल्या तोंडाने सांगायचं, की दगड बाद. वर्ना कोस्टियुकने तर बावीस वर्षांपूर्वी, कुणीही पाहिलेलं नसताना, 'माझा ब्रश लागला' असं सांगून प्रांताचा चषक हातचा घालवला होता. गावाने ही गोष्ट ऐकणाऱ्याला वैताग येईल इतक्या वेळा सांगितली होती. डॅरियाला कधी वैताग आला नाही. सतरा वर्षांची ही पोर वर्नासारखी वेणी घालायची, वर्नासारखी काळी कॉफी प्यायची. ती कॉफी तिला अजिबात आवडत नसे.

आणि आता वर्ना बुटांवरचा बर्फ झटकत होती.

सांगेल, डॅरियाला वाटलं. वर्नाने मोठा श्वास घेतला, नाक पुसलं आणि समोरच्या संघातल्या बाईला म्हणाली,

"वर स्वयंपाकघरात पेरोगी तळल्या वाटतं. कांद्याचा वास सुटलाय."

डॅरिया तिच्याकडे पाहतच राहिली. मग तेव्हाचं तरी खरं होतं का? कुणी पाहिलं नव्हतं, हे सांगितलं कुणी? वर्नानेच ना? कुणीतरी पाहिलं असेल, आणि मग बाईंना साधुपणा सुचला असेल. वर्नाने ब्रश पाठीमागे घेतला, लपवतेय. हसली; साळसूद कुठली.

"वर्ना," ती दबक्या आवाजात म्हणाली. संघात लहानमोठ्या सगळ्यांचं अगं-तुगंच चालायचं. "तुला काही सांगायचं नाहीये?"

"मला?"

"दगडाला धक्का बसला. मी पाहिलंय."

"मीही पाहिलंय." वर्नाने तिच्या डाव्या बुटाकडे नजर टाकली. "तुझी टाच लागली, पोरी."

डॅरियाचे कान तापले. "काहीतरीच! तुझा ब्रश होता तिथे."

"माझा ब्रश वीतभर पुढे होता."

पाय मागे घेताना टाचेला टक् झालं होतं खरं. आपलाच दुसरा बूट लागला असेल, असं तिला वाटलं होतं. की तिने तसं वाटून घेतलं होतं?

"मग बोलली का नाहीस?"

"दुसऱ्याचं सांगत नाहीत. ज्याचं त्याने सांगायचं." वर्ना ब्रशवर रेलली. "आणि खरं सांगू? तू गप्प राहिलीस ते बरंच वाटलं मला. अठ्ठावन्न वर्षांची झाले, गुडघे गेलेत. पुन्हा कधी जाणार मी प्रांताला?"

"पण त्या वेळी तू तर..."

"त्या वेळी मीसुद्धा मोजपट्टी सापडेपर्यंत गप्पच होते. ते कुणी सांगत नाही."

"फ्रीजवर होती!" असं ओरडत कुणीतरी जिना उतरलं. सगळे हसले. दोन्ही कर्णधार मोजायला वाकल्या.

डॅरियाला वर्नाचा भयंकर राग आला. ही बाई सरळ खोटारडी निघाली असती तर किती सोपं झालं असतं, असंही वाटलं. ती पुढे गेली.

"मोजू नका," ती म्हणाली. आवाज चिरकला. "माझी टाच लागली होती."

समोरच्या संघाच्या कर्णधार बाईने तिच्याकडे पाहिलं, मग मान डोलावून दगड पायाने वर्तुळाबाहेर सारला आणि हात पुढे केला. मागे वर्नाचा ब्रश बर्फावर आपटला. डॅरियाने वळून पाहिलं नाही. जिंकलेल्या संघातल्या अजून तिघींशी हात मिळवायचे होते.