पाहिल्याची नोंद

तुम्ही खोटं लिहिलंत. शिक्का मारून, जावक क्रमांक घालून, कोरड्या हाताने खोटं लिहिलंत. तुम्ही कोण हे मला माहीत नाही. तुमच्या कचेरीच्या खिडकीमागे एवढी दारं आहेत की खोटं नेमकं कुठल्या दारातून बाहेर पडलं ते कळत नाही. म्हणून सगळ्यांनाच सांगते: माझा मामा निष्काळजी नव्हता.

तो धुलाईच्या कारखान्यात बॉयलरवर होता. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल. बावीस वर्षं त्याने तिथली वाफ सांभाळली. एका सकाळी सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला, पाइप फुटला आणि बाजूला उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्याचा अर्धा चेहरा भाजला. तुम्ही चौकशी केलीत. सगळ्यांचे जबाब कॅमेऱ्यापुढे घेतलेत आणि अहवालात मामासाठी एकच शब्द ठेवलात: निष्काळजी.

नोकरी गेली, ते मामाने गिळलं. पण वीस वर्षं डब्याला डबा लावून जेवलेला इस्त्रीवाला रस्त्यात दिसला की भाजलेली बाजू मामाकडे करून निघून जायचा. त्याने अहवाल वाचला होता. फोरमनने जबाबात खरं काय ते कबूल केलं होतं. मामा तेव्हा त्याच खोलीत बसला होता. ते कबूल केलेलं अहवालात कुठेच नव्हतं. इस्त्रीवाल्याने ते कानाने ऐकावं आणि तो शब्द खोडला जावा, एवढंच मामाचं मागणं.

मग तुमचं पत्र आलं. चित्रफीत संकेतस्थळावर आहे, आपल्या खात्यातून पाहावी, पाहिल्यापासून सात दिवसांत आक्षेप नोंदवावा. 'पाहिल्यापासून' वाचून मामा खूश झाला. म्हणाला, मग घाई नाही, आधी नीट बघून घेऊ.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. कुठल्या कॉलेजात शिकले नाही, लोकांची बिघडलेली यंत्रं उघडून शिकले. दुकानातून सुटले की मामाकडे जायची. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून कॉम्प्युटरपुढे बसलेला असायचा. मामी म्हणायची, कॉम्प्युटरला काय कळतंय तुमची इस्त्री? मामा म्हणायचा, चौकशीचे साहेब आहेत त्यात.

साहेब दिसेचनात. राखाडी चौकोन, मधोमध जिगसॉ कोड्याच्या तुकड्याचं चित्र आणि खाली एक ओळ: प्लग-इन आढळले नाही. प्लग-इन म्हणजे चित्रफीत चालवायला ब्राउझरला जोडायचं पुरवणी सॉफ्टवेअर. ते टाकलं, तर म्हणे जुनं आहे. नवं आणलं, तर ब्राउझर त्याला दारात उभं करेना. जुना ब्राउझर शोधून बसवला. त्यात चौकोन नुसता हिरवा झाला, आवाज नाही की माणूस नाही. साठलेलं सगळं पुसलं, परवानग्या दिल्या, पान पुन्हा उघडलं. पुन्हा. आणि पुन्हा. तुमच्या मदतीच्या नंबरावरचा माणूस काय म्हणाला? आमच्याकडे चालतंय, दोष तुमच्या मशीनमध्ये आहे, बंद करून चालू करा. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे अंगणच वाकडं होतं, आणि ते तुमचं होतं.

तेविसाव्या दिवशी माझ्या टाळक्यात उजेड पडला. ते प्लग-इन बनवणाऱ्यांनीच त्यात एक तारीख घालून ठेवली होती. ती उलटली की ते आपोआप बंद. म्हणजे या वर्षीची चौकशी तुम्ही मेलेल्या प्लग-इनच्या गळ्यात बांधली होती. मी कॉम्प्युटरची तारीख चार वर्षं मागे नेली. ब्राउझरने बजावलं, तुमचं घड्याळ मागे आहे. माहीत आहे, म्हटलं, आणि पुढे रेटलं. चित्र हललं.

पडद्यावर साहेब आले आणि मामा खुर्चीवरून उठला. बस म्हटलं तरी बसेना. मग फोरमन आला. स्वच्छ बोलला, "व्हॉल्व्ह अडकतोय असं यानं दोनदा सांगितलं होतं. मीच म्हटलं, आधी ऑर्डर जाऊ दे, मग बघू." मी मोबाइल पडद्यापुढे धरून सगळं टिपून घेतलं. आता मामा रडेल, असं मला वाटलं. पण त्याचं लक्ष स्वतःच्या जबाबाकडे होतं.

"मी एवढा वाकून बोलतो?" त्याने विचारलं.

"जन्मभर," मामी म्हणाली.

मग तो बसला.

दुसऱ्याच दिवशी आक्षेप दिला. चौथ्या दिवशी तुमचं उत्तर. आपल्या खात्यातून चित्रफीत सतरा वेळा पाहिल्याची नोंद आहे. प्रथम पाहिल्यापासून सात दिवसांची मुदत संपली, सबब आक्षेप फेटाळला.

राखाडी चौकोन उघडला रे उघडला की तुमचं यंत्र लिहीत होतं: पाहिले. बोटं माझी होती. मी जितकी धडपडले, तितकी मामाची मुदत सरत गेली.

मामाने पत्राची घडी घातली. "मामाला मामा बनवलं की गं," म्हणाला आणि हसला. ते हसू मला सोसवलं नाही. पुढचं सगळं मी केलं, त्याने नाही.

फोरमनचं ते वाक्य कारखान्यातल्या एकूण एक फोनवर पाठवलं. त्याच्या बायकोच्याही. याला न्याय म्हणत नाहीत हे मला कळतं. मी सूडच घेतला. आठवड्याने फोरमन दुकानात आला, हात जोडले, मलाही पोरंबाळं आहेत म्हणाला. मी हातातला स्क्रू पिळत राहिले.

"मामानं दोनदा सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही एकदाच आलायत."

रविवारी इस्त्रीवाला आला. मामाने त्याला आपली खुर्ची दिली. दीड तास दोघांनी अख्खी चौकशी पाहिली. ती संपल्यावर मामा काहीतरी पुटपुटला. इस्त्रीवाल्याने खुर्ची वळवून घेतली.

"त्या बाजूचा कान गेलाय," तो म्हणाला. "इकडून बोल."

तुमच्या कागदावर मात्र तो शब्द अजून तसाच आहे. म्हणून मी दर सोमवारी तुमच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहते आणि माझी पाळी आली की फोरमनचं वाक्य मोठ्याने लावते. गेल्या सोमवारी शिपाई म्हणाला, ताई, आवाज कमी करा. माझ्या मागची बाई म्हणाली, राहू दे, ऐकतोय आम्ही.

सतराव्या वेळी आम्ही काय पाहिलं, ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी सोळा वेळा तुम्ही आम्हाला काय दाखवलंत? लेखी सांगा.