बद्द आवाज

हे लिहायचंच नाही, असं त्यानं जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

वही समोर उघडी होती. पेनाचं टोपण दातात. सकाळच्या ओळीत त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: चाक नंबर एकवीस, आवाज खणखणीत. खाली सही. आणि तेच एकवीस नंबरचं चाक आता टेबलाशेजारी घमेल्यात पडलं होतं, सात तुकडे होऊन. मालकीणबाई सांगून गेल्या होत्या की संध्याकाळपर्यंत चार ओळी खरडून ठेवा, चाकं पाठवणाऱ्याला चांगलंच फैलावर घेते. त्यांच्या मते चूक चाक बनवणाऱ्याची. सगळ्यांच्याच मते. ह्याच्याकडे वाकड्या नजरेनं कुणीच बघत नव्हतं, आणि पंचाईत तीच होती.

कारखाना सुऱ्या-कात्र्यांचा. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला धारेची आणि पॉलिशची यंत्रं, मध्ये मुठी बसवायचं लांब टेबल. हा धार लावायचा. पण नाव पडलं होतं कानसेन, कारण पातं घासायचं नवं चाक यंत्रावर चढवण्याआधी ते वाजवून बघायचं काम ह्याचं. चाक सळईवर टांगायचं आणि लाकडी हातोडीनं चार ठिकाणी हलकेच ठोकायचं. धड असेल तर घंटेसारखं खणखणतं. आत तडा असेल, डोळ्याला न दिसणारा, तर बद्द वाजतं. असं चाक जोरात फिरवलं की फुटतं, आणि उडालेला तुकडा समोर कोण बसलंय ते बघत नाही.

ही पद्धत त्यानंच पाडलेली. त्याच्या वडिलांच्या काळी असलं काही नव्हतं. भलंमोठं दगडी चाक, त्याखाली पाण्याचं कुंड, आणि बाकी नशीब. एकदा सुट्टीत दगडाचा खालचा भाग तसाच पाण्यात राहिला. भिजून एका बाजूनं जड झाला, आणि सुट्टी संपल्यावर पट्टा चढवला तसा फुटला. वडील वाचले, पण डावा हात कायमचा कामातून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस हा प्रत्येक दगडाकडे चोराकडे बघावं तसा बघायचा. मग एकदा बाजारात आई मडकं घेत होती. तिनं बोटाच्या पेरानं मडकं वाजवलं, तोंड वाकडं केलं, खाली ठेवलं, दुसरं उचललं. आई जन्मभर हेच करत आली होती. ह्याच्या डोक्यात उजेड त्या दिवशी पडला.

मग नियम झाले. चाक वाजवायचं. वहीत लिहायचं, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. चढवल्यावर चाकावरचा लोखंडी गार्ड बंद करून एक मिनिट रिकामं फिरवायचं, तेवढा वेळ सगळ्यांनी बाजूला उभं राहायचं. सुरुवातीला लोक हसले, मडकं घेतोस का म्हणाले. पण बावीस वर्षांत चाकापायी कुणाला एक टाका पडला नाही, तेव्हा हसणं आपोआप बंद झालं.

आणि आता वर्षभर त्याला ऐकू येत नव्हतं.

म्हणजे अगदी ठार बहिरा नाही. जाडेभरडे आवाज यायचे, बारीक आवाज वाटेतच गळून पडायचे. चाळीस वर्षं चाकाशी काढल्यावर दुसरं काय होणार. त्यानं त्यावर उपाय शोधला होता: मान हलवायची. बायको ‘अहो, ऐकलंत का’ अशी सुरुवात करायची, तिची तीस वर्षांची सवय, आणि हा मान हलवायचा. अशाच एका मान हलवण्यात त्यानं मेहुण्याला राहायला बोलावलं होतं. मेहुणा पेटी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ह्याला कळलं.

कारखान्यात निभावत होतं ते भट्टीवाल्यामुळे. भट्टीवाला त्याचा जुना मित्र. हा चाक टांगू लागला की तो हातोडा थांबवायचा, इकडे बघत उभा राहायचा. आवाज खणखणीत निघाला तर परत ठोकायला लागायचा. बद्द निघाला तर कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करायचा. ह्याच्या ते एकदा लक्षात आलं, आणि तेव्हापासून कान चाकाकडे नि डोळे मित्राच्या तोंडाकडे, असं काम सुरू झालं. मित्राला त्यानं काही सांगितलं नव्हतं. वर्षभरात एक चूक नाही.

आज सकाळी भट्टी थंड होती. मित्र का आला नाही ते ह्याला माहीत नव्हतं. नव्या चाकांची पेटी मात्र आली होती, आणि पॉलिशवालीचं जुनं चाक झिजून बशीएवढं राहिलं होतं. थांबता आलं असतं. पण कारण काय सांगणार? त्यानं एकवीस नंबरचं चाक टांगलं, चार ठिकाणी ठोकलं. काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं. बोटांनाही ठीक लागलं, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि लिहिलं.

पॉलिशवालीनं चाक चढवलं, गार्ड लावला, बटण दाबून बाजूला झाली आणि रोजच्यासारखी साठ मोजायला लागली. चाळीसच्या आसपास चाक फुटलं. तो आवाज मात्र त्याला ऐकू आला. गार्ड फुगला, एक तुकडा खालच्या फटीतून सुटला आणि तिच्या स्टुलाची बैठक दुभंगून भिंतीत रुतला. स्टूल रिकामं होतं. सगळे बराच वेळ त्या स्टुलाकडेच बघत राहिले. मग कुणीतरी म्हणालं, कानसेनच्या त्या एका मिनिटानं वाचवलं. त्याची पाठ थोपटली गेली. चहा आणून दिला. त्यानं तो घेतलाही.

तर आता पेन हातात होतं. ‘बनावटीतच दोष’ एवढंच लिहिलं असतं तरी विषय मिटत होता. तेवढ्यात पॉलिशवाली झाडू घेऊन आली. उरलेला चुरा गोळा केला, आणि जायच्याऐवजी त्याच्यासमोर उभी राहिली.

“काका, एक बोलू? रागावू नका.”

तो तिच्या ओठांकडे बघत होता.

“तुम्ही ठोकलंत ना, तेव्हा मला जरा बद्दच वाटलं होतं. पण म्हटलं, काकांनी वाजवलंय म्हणजे माझाच कान चुकला असणार. मला शिकवाल का, नीट ऐकायला?”

त्यानं टोपण दातातून काढलं.

“तुझा कान चुकला नव्हता,” तो म्हणाला.

मग त्यानं वही जवळ ओढली. सकाळची ओळ तशीच ठेवून तिच्याखाली लिहिलं: चाक नंबर एकवीस, आवाज बद्द होता. तपासणाऱ्याला ऐकू येत नाही. एक वर्ष झालं. आणि सही केली, सकाळच्यापेक्षा जरा मोठी.

मालकीणबाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. उद्यापासून मुठींच्या टेबलावर बसा, असं त्या म्हणाल्या, आणि त्याला कळावं म्हणून हातानं टेबलही दाखवलं. आता वाजवणार कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं लाकडी हातोडी पॉलिशवालीपुढे धरली. तिनं आधी हात कपड्याला पुसले, मग घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटलेली होती. मित्र वही वाचूनच आला होता, आणि रागानं लाल झाला होता. ह्याच्या तोंडासमोर उभा राहून एकेक शब्द फेकत होता.

“सांगितलं नव्हतं तुला? लेकीचं सामान हलवायचंय, उद्या मी नाही, मी येईपर्यंत पेटीला हात लावू नकोस. मान हलवलीस की.”

“कधी?”

“परवा, भट्टी विझवताना. बोलून मागे वळलो, तर तुझी मान हलत होती.”

भट्टी विझवताना मित्राची पाठ ह्याच्याकडे असते. हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. मग ह्याला आणखी एक गोष्ट सुचली. भट्टीवाल्यानं चाकांच्या पेटीबद्दल सांगायचं कारणच काय?

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“अरे, वर्षभर तोंड वाकडं करून जबडा दुखायला लागला माझा. नुसतं एक चाक बद्द वाजलं म्हणून कोण एवढं तोंड करतं?”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलला नाहीस म्हणून.”

पलीकडे पॉलिशवालीनं पेटीतलं पुढचं चाक टांगलं. मित्राचा हातोडा थांबला. ह्याचे डोळे सवयीनं त्याच्या तोंडाकडे गेले, पण मित्रानं तोंड भट्टीकडे फिरवलं होतं, मुद्दाम. तिनं चार ठिकाणी ठोकलं, मान तिरकी करून ऐकलं, परत एकदा ठोकलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते इथून कळत नव्हतं.

तसाच पाठमोरा मित्र काहीतरी बोलला. ह्याची मान हलायला निघालीच होती. त्यानं ती धरली आणि वळसा घालून मित्राच्या समोर आला.

“काय म्हणालास? परत सांग.”

“म्हटलं, ऐकू नाही आलं तर यापुढे मान हलवायची नाही. कुणापुढे म्हणजे कुणापुढे नाही. शब्द दे.”

“घरीसुद्धा?”

“मेहुणा गेला का?”

“अजून आहे.”

“मग घरीसुद्धा.”

“नाही हलवणार,” तो म्हणाला, आणि म्हणताना मान ताठ ठेवली.