ज्ञानूला ऐकू येतं

"ह्याच्या डोक्याचं लाल फडकं कुठंय?" सहादेव ड्रायव्हरनं ट्रॅक्टरवरूनच विचारलं.

"सोडलं मी," स्नेहल म्हणाली. "पोरं पोळ्याचा बैल म्हनत्यात माझ्या भावाला."

"म्हनू दे की. हारन ऐकत न्हाई, निदान मला दिसंल तरी. बांध गुमान."

"ऐकतो त्यो. लावून बघा हारन."

देवळाली प्रवराच्या शिवारात, पाचटानं शाकारलेल्या कोप्यांसमोरच्या धोपटलेल्या अंगणात हे चाललं होतं. पाथर्डीकडून ऊस तोडायला आलेली बारा घरं बघत उभी राहिली. ज्ञानू सहा वर्षांचा, जन्मापासून ठार बहिरा. कानाच्या मशीनसाठी त्याचा अर्ज तीन वर्षं तालुक्याला पडून. तपासणीचं शिबिर दर डिसेंबरात. डिसेंबरात गावात उरतं कोण? म्हातारी आणि कुत्री. ज्यांना मशीन पाहिजे ती पोरं उसात, आणि साहेब लोक रिकाम्या खुर्च्यांपुढं हार घालून घेऊन मोकळे.

चौदा वर्षांच्या स्नेहलनं शाळा सोडून त्याला वाढवला होता. त्याला कुणी बहिऱ्या म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिनं ज्ञानूला पाठमोरा उभा केला आणि त्याच्या मागं राहिली. सहादेवनं हॉर्न दाबला. त्याच क्षणी तिनं टाच आपटली. टणक जमिनीतून हादरा पोराच्या अनवाणी पायात गेला. तो वळून हसला. महिनाभर तिनं हेच घोकून घेतलं होतं. तीनदा हॉर्न वाजला, तीनदा तो वळला.

"आयला, ऐकतंय की बेनं," सहादेव म्हणाला. "मला येड्यात काढलंय हेनं."

बाया हसल्या. आई, गोजरबाई, चुलीकडं वळली. भाकरी थापायला आत गेली.

आधी सहादेव खाली उतरून ज्ञानूला बाजूला बसवायचा, मगच ट्रॅक्टर मागं घ्यायचा. आता नुसता हॉर्न द्यायचा. स्नेहलला हे दिसत होतं. दिसूनही तिची मान ताठ राहिली, कारण बहिऱ्या हा शब्द कोप्यांवरून नाहीसा झाला होता. ती दिवसभर त्याच्यापासून चार हातांच्या आत राहायची, म्हणून निभावत होतं.

पाचव्या दिवशी मुकादमानं तिला मोळ्या वाहायला लावलं. ज्ञानू फडात उसाच्या वाळक्या पाचटावर बसून चिपाडांची गाडी जुळवत होता. रिकामी ट्रॉली भरायला मागं मागं येऊ लागली. हॉर्न झाला, लांबलचक, दोनदा. ट्रॅक्टरची धडधड तर पोराला रोजचीच होती. स्नेहलनं डोक्यावरची मोळी फेकली. ओरडली. बहिऱ्या भावाला ओरडून हाक मारली. मग टाच आपटली, पुन्हा आपटली. पायाखाली गुडघाभर पाचट. गादीवर आपटल्यागत. ज्ञानू वळला नाही, आणि ट्रॉलीचं चाक त्याच्यावरून गेलं.

सहादेव उतरून मागं धावत आला. "हारन दिला मी. समद्यांनी ऐकला. त्याला येतं ना ऐकू? सांग की गं पोरी."

मुकादम मध्ये पडला. "ऐकू येत हुतं, पन उठलं न्हाई. खोडकर हुतं पोरगं. पोलीस आलं की एवढंच बोलायचं. सहादेवबी सुटला, तुमीबी सुटला."

"खोडकर नव्हता त्यो," स्नेहल म्हणाली. "त्याला कायबी ऐकू येत नव्हतं. मी टाच आपटायचे. सहादेवनानाला मीच फसवलं."

आईचा हात आता पडेल म्हणून ती उभी राहिली. गोजरबाई पोराच्या केसांतलं पाचट काढत होती.

"मला ठावं हुतं," ती वर न बघता म्हणाली. "अंगनात तुजी टाच बघितली हुती मी. गप ऱ्हायले. चारचौघांत पोरगं धड दिसलं, बरं वाटलं मला." मग पोराच्या खांद्यांखाली हात घालून, "जीप आलीया. पाय धर त्याचे."

स्नेहलनं पाय धरले. दोघी उसाच्या बुडख्यांतून निघाल्या. आई सरळ, ती उलटी. मागची वाट तिला दिसत नव्हती. बाया पुढं होऊन तिच्या वाटेतल्या मोळ्या मुकाट्यानं उचलत गेल्या.