डिझेल प्यालेला आखाडा

सुरतेच्या गोडादऱ्यात पॉवरलूमच्या दोन कारखान्यांच्या मधल्या जागेत, पत्र्याखाली, माझ्या वडिलांचा आखाडा होता. प्लेगच्या पुढच्या वर्षी, संक्रांतीनंतर, शेजारच्या कारखान्यातलं जनरेटरचं पिंप बुडातून गंजून फुटलं आणि सगळं डिझेल भिंतीखालून आखाड्यात उतरलं. सकाळी बाबा माती उकरायला गेले तेव्हा फावड्याखालून काळं पाणी वर आलं. बाबा फावडं टाकून काठावर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

माझे बाबा म्हणजे सुकलाल पैलवान. दिवसा ते लूमवर कामगार, पण पहाटे आणि संध्याकाळी खानदेशातून आलेल्या निम्म्या वस्तीचे वस्ताद. ही माती त्यांनी अमळनेरजवळच्या त्यांच्या वस्तादाच्या तालमीतून, भुसावळ पॅसेंजरने, पोत्यापोत्याने आणलेली होती. वर्षानुवर्षं तिला ताक पाजलं, तेल पाजलं, हळद चोळली, लिंबं पिळली. आम्हा भावंडांचे इतके लाड झाले नाहीत, हे माझी माय अजून ऐकवते.

"ती माती फेका, नवी आणा," असं जो तो सांगत होता.

"माटी फेकी देस का कोनी?" एवढंच बाबा म्हणत.

जागा ठाकोरभाईंची होती. तरुणपणी ते स्वतः लंगोट बांधून या मातीत लोळलेले, म्हणून तर त्यांनी ती फुकट दिली होती. ते आले, नाकाला धोतराचा सोगा लावला आणि म्हणाले, "सुकलालभाई, नागपंचमी सुधी जोऊं छुं. पछी अहीं टेम्पा ऊभा रहेशे." म्हणजे नागपंचमीपर्यंत वाट बघणार, नंतर तिथे टेम्पो उभे राहणार. नागपंचमीला दरवर्षी आमच्याकडे कुस्त्या व्हायच्या. त्या झाल्या नाहीत तर आखाडा संपला. आणि आखाडा संपला असता तर माझ्या बापाला सुरतेत कोणी वस्ताद म्हणून हाक मारली नसती. मला ते सहन होणारं नव्हतं.

मी तेव्हा बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. वस्तीत त्याचा अर्थ कोणाला माहीत नव्हता आणि मी सांगायलाही जात नसे. पण त्याच महिन्यात आमच्या मॅडमनी वर्गात शिकवलं होतं की तेल खाऊन जगणारे जंतू मातीत असतात. त्यांना हवा, ओलावा आणि थोडं खत मिळालं तर ते डिझेलसुद्धा फस्त करतात, आणि मागे उरतं पाणी आणि हवा. मी धावत घरी आले आणि आखाड्याच्या काठावर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, "माती फेकायची नाही. आपण तिच्यात जंतू वाढवायचे!"

कोणासमोर काय बोलावं याची अक्कल मला आजही कमीच आहे. आदल्या वर्षी प्लेगला भिऊन हीच माणसं तोंडाला रुमाल बांधून, मिळेल त्या गाडीला लटकून गावाकडे पळाली होती. परत आल्यापासून प्रत्येक उंबऱ्यावर जंतू मारायची पांढरी पावडर होती आणि घराघरात फिनेलचा वास होता. 'जंतू' म्हटलं की आया लेकरांना घरात ओढत. शेजारची शोभाबाई तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कॉलेजमा हाई शिकाडतस का तुले?" पोरं हसली. सगळ्यात मोठ्याने लखन हसला. तो आमचा सगळ्यात तगडा पैलवान, आणि डोकंही तितकंच जड.

बाबांनी मात्र एकच विचारलं, "माटी वाची का?"

"वाचेल," मी म्हणाले. मनातून माझीच टरकली होती, पण म्हणाले.

मग कामाला लागलो. तबेल्यातून शेण आणलं. लखनचे मामा बारडोलीच्या साखर कारखान्यात होते, त्यांनी उसाचा रस गाळून उरलेला मऊ काळा गाळ ट्रॅक्टर भरून पाठवला. माती खणायची, कालवायची, पाणी शिंपडायचं, पुन्हा उलथायची. आखाड्यात बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही, म्हणून मी काठावरून ओरडत होते. पण पोरं नुसती वरवर खरवडायची. शेवटी मला राग आला, ओढणी कमरेला बांधली आणि लखनच्या हातातलं फावडं हिसकावून आत उतरले. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी मान फिरवून पत्र्यावरचं कबुतर बघितलं, आणि तो विषय तिथेच संपला.

सुरुवातीला वास कमी झाला. मी हवेत होते. मग तो कमी व्हायचा थांबला. शिमगा गेला, अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली, तरी माती तशीच, हाताला तेलकट. मी मूठभर माती कॉलेजात नेली. मातीचं पाणी काचेच्या ताटलीत जंतूंच्या खाद्यावर पसरलं की एक-दोन दिवसांत ठिपके उगवतात. जितके ठिपके तितकी वस्ती. माझी ताटली कोरी राहिली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा कोरी. मॅडम म्हणाल्या, "सुषमा, तुझ्या मातीत कोणीतरी यांना मारतंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाबांच्या मागोमाग गेले. बाबा आखाड्यात वाकून उभे होते. एका हातात हळदीची पिशवी, दुसऱ्या हातात म्युनिसिपालिटीने घरोघर वाटलेली पांढरी पावडर. शेतात बी पेरावं तसे ते पेरत होते.

मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचे लूमवाले बाहेर आले. "बाबा! काय करताय?"

ते दचकले, पण लपवलं नाही. "पोरेसना आंगवर फोड उठना तं? तू जंतू वाढाव, मी नै म्हनत नै. पन मना पोरे या माटीमा लोळतीन. मी रोज थोडं औषध टाकस."

"रोज?"

"रोज."

महिनोन् महिने मी वाढवत होते आणि माझा बाप प्रेमाने मारत होता. आता कोणावर चिडायचं? पण चिडल्याशिवाय मला सुचतच नाही. मी म्हणाले, "बाबा, या मातीला तुम्ही इतकी वर्षं ताक पाजलंत. ताकात काय असतं?"

"काय असस?"

"दूध आपोआप दही होतं का? माय विरजण लावते ना? ते विरजण म्हणजे जंतूच. दूध तेच बदलतात. चमचाभर लावलं की पातेलंभर होतात. तुम्ही जन्मभर या मातीला विरजणच लावत आलात. तुमच्याइतके जंतू गोडादऱ्यात कोणी पाळले नसतील! प्लेगचे वेगळे, हे वेगळे. चोर आणि पैलवान दोघं माणसंच, म्हणून दोघांना एकच काठी मारायची का?"

बाबांनी ती पावडर माझ्या हातात दिली आणि हळदीची पिशवी स्वतःच्या खिशात कोंबली. हळद माझ्या हातात द्यायला त्यांचं मन धजेना. "आते काय करू ते सांग," ते म्हणाले. माझ्या आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं.

पावडर पडलेला वरचा थर आम्ही खरवडून काढला, आणि खाली मिसळलेल्या पावडरचा जोर जाईपर्यंत काही दिवस माती नुसती उलथत राहिलो. उरलेल्या मातीत नवं शेण, नवा गाळ कालवला. मायने आणि शोभाबाईने गल्लीतल्या घराघरातून ताक गोळा करून घागरी आणल्या. हो, शोभाबाईनेसुद्धा; विरजणाची गोष्ट तिला बरोब्बर पटली होती. उन्हाळा पेटला होता, पत्रा तापत होता, आणि खाली ओलसर माती आतून कोमट लागायला लागली. "हिले ताप चढना," लखन घाबरून म्हणाला. मी नाचायचीच बाकी होते. जंतू जेवत होते, म्हणून माती तापली होती! या खेपेला ताटलीत इतके ठिपके उगवले की मोजता येईनात. मॅडमनी ती सगळ्या वर्गात फिरवली.

पाऊस सुरू झाला तोवर डिझेलचा वास गेला होता. बाबा रोज मूठ वळून बघत. आधी मातीचा गोळा तेलकट बसायचा, मग तो हातात भुरभुरायला लागला. शेवटी मॅडमनी कॉलेजात तिच्यातलं तेल तपासलं आणि सांगितलं, खुशाल खेळा. त्या दिवशी बाबा घरी आले, दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि गाढ झोपले.

नागपंचमीला आखाड्याच्या चारी बाजूंनी माणसं उभी होती. ठाकोरभाई पांढरंशुभ्र धोतर नेसून खुर्चीत बसले होते. शेवटची कुस्ती लखनची, कतारगामच्या एका आडदांड गड्याबरोबर. त्या गड्याने लखनला दोनदा मातीत दाबलं, नाकातोंडात माती गेली. माझा जीव कुस्तीत नव्हताच, मातीत होता. शेवटी लखनने खालूनच त्याचा पाय धरून त्याला उलथवून चीत केलं आणि अख्खा पत्रा आरडाओरड्याने दणाणला. लखन धावत ठाकोरभाईंच्या समोर गेला आणि मातीने माखलेली पाठ त्यांच्या तोंडापुढे केली. ठाकोरभाईंनी ती हुंगली. मग खाली वाकून मूठभर माती उचलली, तीही हुंगली, आणि पांढऱ्या धोतरावर खुशाल हात पुसला. धोतरावर डाग राहिला नाही, नुसती धूळ उडाली. "टेम्पा बीजे ऊभा राखीश," ते म्हणाले, म्हणजे टेम्पो आता दुसरीकडे, आणि डोळे पुसायला लागले.

रिवाजाप्रमाणे मानाचा नारळ ठाकोरभाईंना द्यायचा होता. बाबांनी तो उचलला, पण दिला नाही. तिथेच दगडावर फोडला आणि सगळं पाणी मातीत ओतलं.

"आज कुस्ती लखननी नै जितली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ज्या डोयाले दिसतस नै, त्यासनी जितली. हाऊ मान त्यासना." मग त्यांनी मला हाताला धरून पुढे ओढलं. "आनि हाई त्यासनी वस्ताद."

लखन पहिला आला. मातीने भरलेल्या हातांनी त्याने वाकून माझे पाय धरले, आणि त्याच्या मागे पैलवानांची रांग लागली.