गच्चीवरून सांगितलेले सामने

ऑफसाइड म्हणजे पंगत मांडायच्या आधीच पाटावर जाऊन बसणं.

स्टीलच्या तांब्यावर नाव घालताना मशीनची सुई मध्येच उचलायची नसते. उचलली की अक्षर तुटतं, आणि तुटक्या अक्षराचं भांडं गिऱ्हाईक परत आणतं.

नाल्यापलीकडच्या लिंबाला केबलची वायर बांधली आहे. तिच्यावर कावळे बसले की चार घरांतल्या टीव्हीत मुंग्या येतात.

वैजिनाथअप्पा रविवारचा सामना बघतात, पण आवाज बंद करून.

गेवराईच्या क्लबकडे गोलाची जाळी नाही. दोन बांबू, वर सुतळी.

ठराव क्र. १४. सर्वानुमते मंजूर. सूचक : श्री. संगमेश्वर, नवजीवन क्लब, बीड. अनुमोदक : श्री. अमरसिंह, गेवराई.

आता हे सगळं एका बाईपाशी येऊन थांबतं, म्हणून आधी ती बाई सांगतो. शिवगंगा तिचं नाव. बीडला कापड गल्लीच्या तोंडाशी वैजिनाथअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे, त्या अप्पांची ती धाकटी भावजय. त्र्याण्णव साली लग्न होऊन आली तेव्हा सासरच्यांनी तिचं अक्षर बघितलं आणि आठव्या दिवशी तिला दुकानाच्या मागच्या खोलीत नाव घालायच्या मशीनपुढं बसवलं. मशीन म्हणजे पेनाएवढी एक नळी. हातात धरली की घुर्र करून थरथरते आणि सुई स्टीलवर ठिपके मारत जाते. ‘चि. सौ. कां. वनमाला हिच्या विवाहप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम भेट.’ दिवसाला साठ-सत्तर भांडी. संध्याकाळी मशीन बंद केलं तरी बोटं थरथरतच राहायची, भाकरी थापताना पिठावर त्यांची नक्षी उठायची. खोलीला खिडकी नव्हती. घुर्र आवाजात कुणी काही बोललं तर ऐकू येत नसे, म्हणून कुणी बोलतही नसे.

तिचा नवरा संगमेश्वर. हा माणूस दुकानातून पळालेला. पळाला म्हणजे फार लांब नाही, त्याच घराच्या गच्चीवर. तिथं त्यानं डिश लावली, जिन्याच्या खोलीत यंत्रं मांडली आणि गल्लीत दीडशे घरांना केबल दिली. लग्नाच्या शूटिंगचा एक कॅमेरा घेतला. घरामागं शाळेचं मैदान होतं, त्यावर नवजीवन क्लबचे फुटबॉलचे सामने व्हायचे, आणि क्लबचा सचिव हाच. मग त्याच्या डोक्यात आलं, की आपलं मैदान, आपला क्लब, आपलीच केबल, तर रविवारचा सामना थेट का दाखवू नये? सामना सांगायला एक गुरुजी ठरवले. ते एका रविवारी आलेच नाहीत. शिवगंगा चहाचा कप घेऊन वर आली होती. त्यानं माइक तिच्या हातात दिला आणि म्हणाला, काहीतरी बोल, नुसतं चित्र मुकं वाटतंय.

ती बोलली. आणि अडीच वर्षं दर रविवारी चार ते सहा बोलत राहिली.

फुटबॉल तिला येत नव्हता, पण माणसं येत होती. मैदानावरच्या बावीसपैकी पंधरा जणांच्या घरातली भांडी तिच्या हाताखालून गेलेली; कुणाच्या बहिणीचं लग्न कधी, कुणाचा मामा हात आखडता घेणारा, सगळं पाठ. ‘‘बॉल आता खलीलकडं आलाय. ह्याच्या बहिणीच्या नऊ पराती मी केल्यात, एक अजून दुकानातच पडून हाय, खलील, घेऊन जा बाबा. पुढं कुणीच न्हाई, मार की आता.’’ घराघरांतून हसणं निघायचं ते गच्चीपर्यंत ऐकू यायचं. भाजीवाली बायनाबाई रविवारी चारच्या आत टोपली झाकून कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसायची. अप्पांना हे पसंत नव्हतं. घरातल्या सुनेचा आवाज दीडशे घरांत जातो, हे त्यांना टोचायचं. पण रविवारी दुपारनंतर दुकान बंद, मशीन बंद. तेवढे दोन तास त्यांनी सोडून दिले. अट एकच घातली, पडद्यावर तिचं नाव यायचं नाही.

आता रजिस्टर. जिल्ह्यातल्या सात क्लबांचं मिळून एक मंडळ होतं. मोहनराव त्याचे अध्यक्ष. राजकारणातला माणूस, फुटबॉल त्यांनी दुरूनच पाहिलेला. मंडळाची बैठक वर्षातून चारदा व्हायची, म्हणजे कागदावर व्हायची. खरी रीत अशी, की संगमेश्वर स्कूटरवर रजिस्टर घेऊन निघायचा आणि ज्याच्या-त्याच्या दारात कोऱ्या पानाच्या तळाला सही घ्यायचा. सह्या आधी, ठराव मागून. मग रजिस्टर घरी यायचं आणि वरचा मजकूर शिवगंगा लिहायची, कारण अक्षर तिचं. सूचक आणि अनुमोदक पाळीपाळीनं, कुणी काय मांडलं याच्याशी त्याचा संबंध नाही. शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. मजकूर संपला आणि सह्यांपर्यंत जागा उरली, तर त्यात मागून कुणी काही घुसडू नये म्हणून एक तिरकी रेघ मारायची, असा नियम होता. तो ती विसरायची.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैमध्ये असेच पाच ठराव आले. मोहनरावांनी चिठ्ठ्या दिल्या होत्या, एक टाइप केलेली होती. तव्यावर भाकरी आणि मांडीवर रजिस्टर, अशी तिनं ती उतरवली. तांब्यावरचं नाव जसं अर्थ न बघता उतरवायचं, तसंच. चौदावा ठराव लिहिताना तिनं एवढंच विचारलं होतं, सूचक कोण. आपलाच नंबर, असं संगमेश्वर म्हणाला. तिनं नवऱ्याचं नाव घातलं.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, स्टेडियम रोडच्या मोठ्या केबलवाल्यांचं पत्र आलं. सातही क्लबांच्या सामन्यांचं चित्रण, प्रक्षेपण आणि समालोचन यांचे सर्व हक्क मंडळानं ठराव क्रमांक चौदानुसार एकत्र करून त्यांना दिले होते. यापुढं कुठल्याही क्लबानं स्वतः सामना दाखवू नये. संगमेश्वरनं ते जिन्यात उभं राहून वाचलं, मग पुन्हा वाचलं. ती खालच्या पायरीवर उभी होती. त्यानं रजिस्टर काढलं. पान उघडलं. पानावर तिचंच अक्षर.

त्याच दिवशी दुपारी मोहनराव आले, सोबत गेवराईचा अमरसिंह. मोहनराव खुर्चीत बसले, अमरसिंह गच्चीच्या कठड्यावर. मोहनरावांनी मैदानाकडं बघून जागा झ्याक आहे म्हटलं. संगमेश्वरनं चाचरत विषय काढला, की हे चित्रण आम्ही सुरू केलं, आमच्या खर्चानं, आणि आमचेच सामने आम्हाला बंद? मोहनराव हसले. म्हणाले, ठराव तुम्हीच मांडलाय संगमअप्पा, सूचक बघा.

‘‘आन् अक्षर तर वहिनीचंच हाय,’’ ते पुढं म्हणाले. ‘‘लई सुरेख.’’

सगळे हसले. संगमेश्वरही हसला. शिवगंगाच्या हातात चहाचा ट्रे होता, तो तिनं खाली ठेवला आणि पहिल्यांदाच पाहुण्यांपुढं तोंड उघडलं.

‘‘अध्यक्षसाहेब, लोक आमचा सामना बघत्यात. तो कावून बंद करायचा?’’

उत्तर मोहनरावांनी दिलं नाही, अमरसिंहनं दिलं. शेतकरी गडी, अंगावर अजून प्रवासाची धूळ. बोलला तो भांडायला नाही, जरा संकोचूनच.

‘‘वहिनी, तुमचा सामना लोक बघत्यात, खरंय. आमचा कोण बघतंय? दोन साल शिल्ड आमी आणलं. आमच्या पोरांच्या आयांनी सुदीक त्यांना खेळताना बघितलं न्हाई. तुमच्या गच्चीवरनं तुमचंच मैदान दिसतं. आमच्याकडं ना गच्ची, ना क्यामेरा. सगळे एक झाले तरच ते कंपनीवाले गेवराईपतुर वायर ओढणार. एक जरी क्लब सुटा राहिला तर न्हाई म्हणत्यात.’’

तिला वाटलं होतं, हा माणूस काहीतरी लबाड बोलेल आणि मग आपल्याला रागावता येईल. तसं झालं नाही. तो खरं बोलत होता, आणि त्याच्या खरेपणानं तिचा शेवटचा दरवाजाही बंद केला. मोहनराव जाता जाता बाकीचं सांगून गेले. समालोचनाला औरंगाबादचा माणूस येणार, हिंदी बोलणारा, जिल्ह्याचं काम आहे म्हटल्यावर तसंच पाहिजे. आणि या भागाची वायर, जोडण्या, दुरुस्ती संगमेश्वरकडं. पगारी. ऑफिस स्टेडियम रोडला.

ते गेल्यावर संगमेश्वर बराच वेळ गच्चीवर येरझाऱ्या घालत होता. तिला वाटलं, चिडलाय. तो चिडला नव्हता. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला अप्पांच्या घराबाहेर खुर्ची मिळत होती.

‘‘मी हो म्हणतो,’’ तो म्हणाला. मग तिच्याकडं न बघता, ‘‘तुला काय, खाली मशीन हायच की.’’

दुष्टपणा त्यात नव्हता. नंतरही तिनं हे वाक्य किती वेळा मनात फिरवून पाहिलं, दुष्टपणा सापडला नाही. असता तर बरं झालं असतं.

तो खाली गेला. रजिस्टर कठड्यावरच राहिलं.

ऊन उतरत होतं. मैदानावर कुणी तरी चुना टाकत होतं. शिवगंगानं चौदावा ठराव पुन्हा उघडला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, मजकूर आणि सह्या यांच्यामध्ये जागा आहे. तीन ओळी बसतील एवढी. तिरकी रेघ मारलेली नाही. शाई तीच, पेन तेच, अक्षर तेच. खाली सातही क्लबांच्या सह्या, मोहनरावांचीसुद्धा. या जागेत आता जे लिहिलं जाईल ते सर्वानुमते मंजूर झालेलं असेल, जुलै महिन्यात. सही माझी नाही असं कोण म्हणणार? आणि म्हणायचं तर बैठक झालीच नव्हती, हे आधी सांगावं लागणार.

तिनं पेन घेतलं आणि लिहिलं, ‘मात्र’.

मग पुढचं वाक्य जुळवायला लागली.

मात्र नवजीवन क्लबचे सामने वगळून. पण मग हक्क क्लबला मिळाला, आणि क्लब म्हणजे संगमेश्वर, आणि संगमेश्वर उद्यापासून स्टेडियम रोडला.

मात्र संगमेश्वर यांच्या केबलवरील प्रक्षेपण वगळून. ती केबल अप्पांच्या गच्चीवर. अप्पांनी एक शब्द टाकला की संपलं. आजवर तरी काय होतं? अप्पांनी सोडून दिलेले दोन तास.

मात्र गच्चीवरून बोलणाऱ्या.

इथं ती अडली. तिनं रजिस्टर मागं-मागं चाळलं. चार वर्षांची पानं, सगळी तिनंच लिहिलेली, ‘श्री.’ ‘श्री.’ ‘श्री.’ एवढी माणसं तिनं या पानांत बसवली होती आणि एकाही पानावर एकही ‘सौ.’ नव्हती. आता घालायची तर कोण म्हणून? ती सूचक नाही, सभासद नाही, कर्मचारी नाही, पडद्यावर तिचं नाव नाही. क्लबांनी आपापलं दाखवलं काय, मंडळानं एकगठ्ठा विकलं काय, तिचं बोलणं दोन्हीकडं कुठंच लिहिलेलं नव्हतं. नसलेली गोष्ट वगळायची कशी? आणि कशीबशी वगळली, तर गेवराईची वायर थांबणार. कठड्यावर बसून संकोचत बोललेल्या त्या माणसाची पोरं आणखी काही वर्षं आयांना न दिसता खेळणार.

चुना टाकणारा माणूस रेघ संपवून घरी गेला.

शिवगंगानं पट्टी आणली. ‘मात्र’च्या डोक्यावरून सह्यांपर्यंत एक तिरकी रेघ मारली, सरळ, न उचलता. इतक्या वर्षांत नियमाप्रमाणं मारलेली ती पहिलीच. रेघेखाली तो शब्द अजून वाचता येतो. कुणी कधी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात वायर गेवराईला पोचली. लग्नसराईची भांडी आधीच यायला लागली होती, म्हणून अप्पांनी दुकान रविवारीही पूर्ण दिवस उघडं ठेवायला सुरुवात केली होती. आता त्याला अडचण नव्हती. मागच्या खोलीचा दरवाजा त्यांनी उघडा ठेवला, तेवढा वारा यावा म्हणून. गल्ल्याजवळच्या टीव्हीवर सामना लागला होता, गेवराईच्या मैदानावरून, नवजीवन विरुद्ध गेवराई. चित्र स्वच्छ, मुंग्या नाहीत. औरंगाबादचा माणूस भरदार आवाजात बोलत होता. खलीलला तो तीनदा जमील म्हणाला. गेवराईकडं नवी पांढरी जाळी होती. त्यांनी पहिला गोल केला तेव्हा कॅमेरा, तो आलाय म्हणूनच कडेला येऊन उभ्या राहिलेल्या बायांवर गेला, आणि त्यातली एक डोक्यावरचा पदर दातात धरून रडत होती की हसत होती, ते कळायच्या आत चित्र बदललं.

शिवगंगानं मशीन थांबवून तेवढं बघितलं.

‘‘कोण गं ती?’’ अप्पांनी मान न वळवता विचारलं.

तिला माहीत नव्हतं. गेवराईचे लोक भांड्यांवर नावं गेवराईतच घालून घेतात. तसं तिनं सांगितलं.

अप्पांनी हात लांब करून टीव्हीचा आवाज बंद केला. दुकानात नुसतं चित्र हलत राहिलं.

‘‘आन् हा? हा तर आपल्या गल्लीतला ना?’’

‘‘खलील,’’ ती आतून म्हणाली.

‘‘कुणाचा?’’

तिनं सांगितलं. त्यांनी पुढच्याचं विचारलं, तिनं पुढचा सांगितला. एका गिऱ्हाइकाला तेवढ्यात हंडा दाखवायचा होता म्हणून ते उठले. तिच्यापुढं अकरा ताटं होती, सगळ्यांवर एकच नाव. तिनं नळी हातात धरली, बटण दाबलं, आणि खोलीत घुर्र आवाज भरला.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात तिनं पहिला सामना सांगितला, त्या रविवारी गल्लीतली वीज सव्वाचारला गेली आणि साडेसहाला आली. गच्चीवर बॅटरी होती, म्हणून ती सहापर्यंत बोलतच राहिली.